एक्सचेंजचे दोन फेज

पूर्णा तालुक्यातल्या एका मोठ्या गावात मी चार वर्षं टेलिफोन एक्सचेंजवर टेक्निशियन होतो. हाताने जोडण्या करायचा जुना बोर्ड जाऊन तिथे कपाटाएवढं नवं यंत्र आलं होतं. तो एक प्रकारचा संगणकच होता आणि गावातले सगळे फोन त्याच्यावर चालत. त्याला वीज देणारे पॉवर पॅक दोन होते, आणि प्रत्येक पॅकमागे बॅटऱ्यांचा वेगळा संच. एक बंद पडला तर यंत्र दुसऱ्यावर चालावं, अशी रचना. म्हणून बसवतानाच मी दोन पॅक दोन वेगळ्या फेजवर, म्हणजे विजेच्या दोन वेगळ्या तारांवर, घेतले. जनरेटर मंजूर होता, पण आला नव्हता.

आमच्या भागात तीन फेजांपैकी एखादा रोजच जायचा. जमेल तो माणूस घरात तिन्ही फेज ओढून घ्यायचा. एक गेला की फ्यूज उपसायचा आणि जिवंत फेजवर खोचायचा. बायका बोलता बोलता हे काम करत. मग अर्धं गाव एका फेजवरून उठून दुसऱ्यावर जायचं, भार वाढून तोही उडायचा, आणि राहिलेलं सगळं गाव तिसऱ्यावर.

चौऱ्याण्णवची संक्रांत होती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय आज होणार, असं सकाळपासून चाललं होतं. अठ्ठ्याहत्तर साली ठराव झाला तेव्हा मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या होत्या, टेलिफोनच्या तारा तुटल्या होत्या. तेव्हाचं कुणी बोलत नव्हतं. पण बाजारातली दुकानं उघडलीच अर्धी, आणि एसटी आली नाही.

गावाबाहेरच्या दलित वस्तीत एक निवृत्त गुरुजी राहत. वस्तीतला एकुलता एक फोन त्यांच्या घरी होता. मागच्या वेळी त्यांच्या बहिणीचं घर गेलं होतं. ते सकाळीच एक्सचेंजवर आले.

"साहेब, एकच विचारायलोय. आज लाइट गेली तर फोन चालंल का?"

"दोन संच आहेत, गुरुजी. सकाळपर्यंत निघेल."

"नक्की? पोलीस तालुक्याहून येणार. त्यांना सांगायला तरी यायला पायजे."

नक्की म्हणण्याआधी मोजायला हवं, म्हणून मी हायड्रोमीटर घेतला. चार्जिंग चालू असताना व्होल्टमीटर नेहमी चांगलंच दाखवतो. बॅटरीतला खरा साठा ॲसिडची घनता मोजल्यावर कळतो. ती तिमाहीला मोजायची, आणि मुदत महिनाअखेर होती. पहिल्या सेलमध्ये घनता बाराशे दहा हवी होती, अकराशे पन्नास निघाली. पुढच्यांत त्याहून थोडी कमी. दुसऱ्या संचातही तेच. दोन्ही संच जवळपास निम्मे.

मी बाहेरचा फ्यूजबोर्ड उघडला. दोन्ही पॅक एकाच फेजवर.

चौकीदाराला विचारलं. तो निवांत म्हणाला, "दिवाळीच्या टायमाला एक फेज मेला व्हता. घंटी लय ठणाणा करायली व्हती. मंग त्यो फ्यूज बी चांगल्या फेजवर टाकला. मेल्या फेजवर कोण ठेवतंय?"

"ती घंटी तेच सांगायला असते."

"थांबली की मंग."

त्याच्या हिशोबाने त्याने दुरुस्ती केली होती. घरी तो हेच करत होता. तेव्हापासून गव्हाच्या पाण्याचे पंप सुरू झाले की त्या फेजचं व्होल्टेज पडायचं, आणि दोन्ही संच अर्धपोटी राहायचे. मी फ्यूज परत पहिल्या जागी बसवला, पण तो फेज त्या दिवशी मेलेला होता. वायरमनला निरोप पाठवला. तो सणाचा घरी गेला होता.

गुरुजी सगळं ऐकत उभे होते. "मंग किती?"

"सगळे फोन चालू ठेवले तर मध्यरात्रीपर्यंतही धरू नका. थोडेच ठेवले तर सकाळ."

"थोडेच म्हणजे कोणते, ते मी सांगणार न्हाई, साहेब."

"तुम्ही सांगायचं नाहीच. हिशोब माझा आहे."

दुपारी जेवायला गेलो तेव्हा बायकोला सांगितलं. ती भाकरी वाढताना म्हणाली, "करा काय करायचं ते. पण दळण आपल्याला ह्याच गावात दळायचंय." तिने पोरांना आत घेतलं आणि मागच्या दाराला कडी घातली. तिळगुळाला कुणाकडे जायचं नाही, असंही सांगितलं.

दिवेलागणीला रेडिओवर निर्णय झाल्याची बातमी आली. लगेच गावभर फोन सुरू झाले. एरवी संध्याकाळी यंत्रावर चालू फोनांचे चार-पाच दिवे लागत, त्या दिवशी मोजता येईनात. घरातून घरात बोलणं चाललं होतं. काय, ते ऐकायचा मला अधिकार नव्हता. तेवढ्यात राहिलेलाही फेज उडाला आणि आम्ही बॅटरीवर आलो. व्होल्टमीटरचा काटा दिसेल असा खाली सरकू लागला.

यंत्रात आठ-आठ नंबरांच्या पट्ट्या असतात. गुरुजींचा नंबर तिसऱ्या पट्टीवर. ती ठेवली, तालुक्याच्या लाइनची पट्टी ठेवली, बाकीच्या एकेक करून उपसल्या. जवळजवळ सगळं गाव माझ्या हाताने मुकं झालं. काटा थांबला.

थोड्या वेळात सरपंचांचा पुतण्या दोघांना घेऊन दारात आला.

"साहेब, तिळगूळ घ्या. आमचा फोन बोलंना झालाय."

"बॅटरी कमी आहे. बरेच बंद केलेत."

"कोन्ते चालू हायेत?"

यंत्रावर एक दिवा लागला आणि विझला. गुरुजी घरी अधूनमधून रिसीव्हर उचलून आवाज येतो का, एवढं बघत होते.

"ह्यो कुणाचा?"

"त्या पट्टीवर आठ नंबर आहेत. दवाखाना आहे, पोस्ट आहे."

"दोन झाले."

मी मीटरचा काटा बघितला. त्याने तिळाची वडी टेबलावर ठेवली. "आमचा बी घाला की त्यात. नववा."

"पट्टीत जागा आठचीच असते."

"हां." तो हसला. "गोड बोला, साहेब."

ते गेले नाहीत, पायरीवर बसले. चौकीदार त्यांच्याकडे बघत होता आणि मी यंत्राकडे. बराच वेळ काही झालं नाही. मग वस्तीच्या बाजूने कुत्री भुंकायला लागली आणि पायरीवरची माणसं उठून त्या दिशेला निघाली.

तिसऱ्या पट्टीवर दिवा लागला. या वेळी तो विझला नाही. त्याच्या मागोमाग तालुक्याच्या लाइनचा दिवा लागला. मी मीटरवर टॉर्च धरला. सत्तेचाळीस व्होल्ट; चव्वेचाळीसपर्यंत यंत्र चालतं. दोन्ही दिवे जळत होते आणि काटा हलत नव्हता.