माझी दाढ मी देणार नाही

आमच्या सासरी चाळिशी आली की बाईला कवळी यायची. चष्मा यावा तितकी साधी गोष्ट. सकाळी बोटानं मशेरी घासायची, कुणी ब्रश वापरत असेल आणि हिरड्यांतून रक्त आलं तर तो बंद करायचा, वर लवंगेचं तेल लावायचं आणि एखादा दात हलायला लागला की सगळेच काढून मोकळं व्हायचं. बंगळूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं दुकानदारांचं घर. कानडी बोलायला शिकलं, फिल्टर कॉफी प्यायला शिकलं, मशेरी मात्र सुटली नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि खालची एक दाढ किंचित हलू लागली. सासूबाईंना सगळे अक्का म्हणायचो. त्यांनी फर्मान सोडलं, "ब्रशानंच रक्त येतंय, आधी तो बंद कर. आणि संक्रांतीआधी सगळे काढून घे, एकदाची सुटशील."

"अक्का, दात माझे आणि मुहूर्त तुमचा?" मी म्हटलं. नवऱ्यानं पेपरातून डोकं वर काढलं नाही. मला इतका संताप आला की त्याच संध्याकाळी मी एकटीच जयनगरला एका दातांच्या डॉक्टरणीकडे गेले.

तिनं एकेक दात वेगळा तपासला. पुढचे दात एका मुळाचे, साफ करायला सोपे, ते नक्की टिकतील, म्हणाली. दाढेला दोन मुळं, त्यांच्या बेचक्यात किटण साचलेलं, तिथं साधा ब्रश पोचत नाही. हिरडी उघडून आतून साफ करावं लागेल, आणि पुढे रोज मीच सांभाळली तर वाचेल.

"आणि हे रक्त?" मी विचारलं.

"ते किटणामुळे. ब्रश बंद केलात तर वाढेल. स्वल्प आलं तरी घासत राहा."

म्हणजे आमच्या घरात रोगालाच औषध समजत होते!

दात साफ झाले, दाढेपाशी टाकेही पडले. सूज उतरली तशा दातांमधल्या फटी दिसू लागल्या, गार पाणी झोंबू लागलं. घरात जल्लोषच झाला. "बघ, फटी पाडून दिल्या!" अक्का म्हणाल्या. किटण होतं तिथं आता हवा लागतेय, एवढंच, असं मी सांगून पाहिलं, पण ऐकतंय कोण. दाढेच्या बेचक्यासाठी डॉक्टरणीनं दिलेला, बाटली धुवायच्या ब्रशासारखा बारीक ब्रश मी वापरायला लागले, की मोठ्या जाऊबाई विचारायच्या, "झाली का गं बाटली घासून?"

"झाली. तुमची कवळी घासायची आहे का?" मी विचारायची.

संक्रांत आली. शेजारून एळ्ळु-बेल्ल म्हणजे तीळगूळ आणि उसाची कांडी आली. आमच्या बायका ऊस मुलांच्या हातात देऊन मोकळ्या व्हायच्या. मी हॉलमध्ये सगळ्यांसमोर बसले, दातांनी साल सोलली आणि त्याच दाढेखाली ऊस चावून रस काढला. डॉक्टरणीनं पाहिलं असतं तर चांगली झाडली असती. पण मला दाखवायचंच होतं.

दुपारी अक्कांनी कवळी काढून वाटीत ठेवली आणि मला जवळ बोलावलं. "तोंड उघड." बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी एकच दाढ हलत होती गं. पुढचे सगळे घट्ट होते. हे म्हणाले, एकेक कशाला, सगळेच काढू."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मला विचारलं कुणी?"

इतके महिने मी त्यांच्यावर चिडले होते. आता त्यांच्यासाठी चिडले, आणि हा राग जास्त मोठा होता. मी तशीच उठले, मोरीतला मशेरीचा डबा उचलला आणि बाहेर कचऱ्यात रिकामा केला. जाऊबाई ओरडत माझ्यामागे धावल्या.

"सरी, सरी, बरोबर आहे तिचं, टाकू दे तिला," अक्का कवळीशिवायच म्हणाल्या. "आणि उद्या आपल्या घरातल्या पोरींना घेऊन जा त्या डॉक्टरणीकडे."