बटणावरचा हात

वडील सांगलीच्या यार्डात हळदीची पोती वाहायचे. माझ्या कॉलेजच्या फीपायी घरात चहा बिनदुधाचाच व्हायचा. त्यामुळे पंपाचे स्टार्टर बनवणाऱ्या कारखान्यात तात्पुरता लागलो, तेव्हा कायम होण्याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं. मालकांची अट होती, पुण्याहून स्टार्टरचा नवा सर्किट बोर्ड येईल त्याच दिवशी त्यावर माझा प्रोग्रॅम चालला पाहिजे. त्या बोर्डावरची चिप तर हातात नव्हती. म्हणून मी कॉम्प्युटरवरच तिची नक्कल चालवत होतो. कीबोर्डवरची एक कळ म्हणजे मोटारीचं बटण.

त्या दिवसांत पाटणकडचा एक माणूस दुरुस्तीला दिलेला स्टार्टर मागायला यायचा. त्याला बाकावर बसवत नसे. टोपी काढायचा, घालायचा आणि माझ्यामागे येऊन उभा राहायचा.

“आवं सायेब, ह्यात मोटार कुठं हाय?”

“पडद्यावर. ही कळ दाबून बघा.”

त्यानं दाबली आणि दाबतच राहिला. प्रोग्रॅम अडकला.

“अहो, एकदाच दाबायची!” मी खेकसलो.

“मोटार लागल्याबिगर बटणावरचा हात कोण काढतंय, गड्या?”

माझ्या प्रोग्रॅमातली माणसं शांतपणे एकदाच बटण दाबत होती. तसा माणूस मी कुठं पाहिला नव्हता. मी स्वतःही तसा नव्हतो. मी तेवढा भाग पुन्हा लिहिला. तो आपला स्टार्टर खांद्यावर टाकून गेला, नाव विचारायचं राहिलंच.

बोर्ड आला. मालकांनी बटण दाबलं आणि घाईघाईनं दाबतच राहिले. मोटार लागली.

मी कायम झालो. आमच्या घराण्यातली ती पहिली कायमची नोकरी.