गाऱ्हाण्यातल्या मोकळ्या जागा

असले अनुभव लिहिणाऱ्यांची मी आजवर टरच उडवत आलोय. आवाज ऐकू आला म्हणे... अरे बाबा, आधी वायर तपास! साउंडच्या कामातला माणूस मी. प्रत्येक खुडबुडीला कारण असतं, हे माझं ठाम मत. आजही आहे. फक्त एका आवाजापुढे ते चालत नाही.

२००७ची गोष्ट. मालवणपासून पुढे देवबाग — एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. मुंबईत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवून कंटाळलो आणि स्वतःचा अल्बम करायचा म्हणून घरी परतलो. वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, जाळी ठेवायच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला. जाळ्यांच्या ढिगाने घुमारा छान मरतो, हा शोध माझाच. वास मात्र काही मरत नाही!

एका गाण्याच्या सुरुवातीला मला आबांचं गाऱ्हाणं हवं होतं. आमच्याकडे शुभकामाआधी घरातला मोठा माणूस देवापुढे एकेक मागणं मांडतो आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मला ती गर्दी नको होती. क्लीन टेक हवा होता.

"गाऱ्हाणा एकट्यान घालूचा नसता रे," आबा म्हणाले. "व्हय म्हणूक कोणतरी होयो."

"तुमी बोला ओ आबा. व्हय मी मागसून जोडतंय."

बिचारे माइकसमोर हात जोडून उभे राहिले. होडी, जाळी, शेजारपाजार, शेवटी माझी गाणी... सगळ्यासाठी मागितलं. माझे डोळे लेव्हलच्या हिरव्या पट्टीवर. शब्द ऐकतोय कोण!

दुपारी आबा आडवे झाले तेव्हा फाइल ऐकली. प्रत्येक मागण्यानंतर एक बाई हळूच म्हणत होती — 'व्हय म्हाराजा'. तेही जरा उशिरानेच. डोकंच फिरलं. शेजारची काकी मस्करी करतेय, दुसरं काय! ते सगळे आवाज कापले, मोकळ्या जागेत शांतता भरली, त्याच फाइलवर सेव्ह केलं. शेवटचा तेवढा राहिला, कारण तो आबांच्या "झाला मा रे?" वर चढला होता.

काकीला झापायला गेलो, तर ती सकाळीच मासे घेऊन मालवणच्या बाजारात गेलेली... अजून परतलीच नव्हती.

मग तो शेवटचा आवाज आबांना ऐकवला. त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला.

"तुझी आवस ही."

आई आदल्या वर्षीच गेली होती. गाऱ्हाण्याच्या वेळी ती चुलीपाशी असायची, तिथूनच व्हय म्हणायची, नि सगळ्यांच्या नंतर. "हिची होडी नेहमी मागसून," असं आबा चिडवायचे. आणि मी, तालासुरातला शहाणा... मला तो उशीर ओळखता आला नाही.

आबांनी सगळं गाऱ्हाणं पहिल्यापासून लावायला सांगितलं. तेव्हा मी शब्द प्रथमच नीट ऐकले. मधे एक मागणं होतं —

"जी माणसा आमका सोडून गेली, ती जंय आसतीत थंय सुखात ऱ्हवांदेत रे म्हाराजा!"

त्यापुढे शांतता. मी भरलेली.

आबा मान खाली घालून थांबले. "हयसर काय बोलाक नाय ती?"

बोलली होती. याच कानांनी मी ऐकलं होतं आणि याच हातांनी कापलं होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

"नाय आबा."

"बरा," ते म्हणाले. "तुझ्या गाण्यांक तरी व्हय म्हणाली."

अल्बम झाला, पण ते गाणं त्यात नाही. माइक, केबल, शेजार, सगळं तपासलं. उत्तर मिळालं नाही. आबा आता नाहीत. ते जाईपर्यंत मी खरं सांगितलं नाही.

घरातलं गाऱ्हाणं आता मीच घालतो. गेलेल्या माणसांच्या मागण्यापाशी आलो की सगळ्यांचं व्हय म्हणून झालं तरी मी जरा थांबतो. "पुढचा इसारलंस काय रे?" असं कोणीतरी विचारतंच.

विसरलेलो नाही.