आग्रह बंद केलेलं घर

मी कधी कॅलरी मोजल्या नाहीत. खाल्लेला प्रत्येक बिस्किटाचा तुकडा मोबाईलमध्ये टिपून ठेवणाऱ्या मैत्रिणींची मी मनसोक्त टर उडवली आहे. भूक लागली की जेवायचं, पोट भरलं की उठायचं, एवढ्यावर माझं वजन दोन बाळंतपणांनंतरही आटोक्यात राहिलं. त्यात अडथळा एकच, सासूबाई. "एवढीशी तर आहे, घे" म्हणत त्या पोळी वाढायच्याच. शेवटी मी स्पष्ट सांगितलं, या घरात आग्रह बंद. त्या दुखावल्या, पण मला वाढायच्या थांबल्या. सासऱ्यांना मात्र शेवटपर्यंत वाढत राहिल्या.

गेल्या वर्षी त्या गेल्या आणि मुलुंडच्या आमच्या स्वयंपाकघराचा ताबा माझ्याकडे आला. मी विचारायची, "बाबा, अजून पोळी?" ते म्हणायचे, "नको." मी डबा बंद करायची. ऐंशीच्या घरातला माणूस आपल्या पोटाचं ऐकतोय, याचं मला कौतुकच वाटायचं.

काही महिन्यांत त्यांचं घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरायला लागलं. पायजमा नाडी कितीही आवळली तरी कमरेवर ठरेना. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "वजन आणखी उतरू देऊ नका. या वयात गेलेलं सहसा परत येत नाही." मी भाजीत दाण्याचं कूट वाढवलं, वरणावर तूप वाढवलं. काही उपयोग झाला नाही.

मग बोरिवलीहून बाबांची धाकटी बहीण राहायला आली. जेवताना तीच वाढायला बसली.

"दादा, पोळी घे."

"नको."

तिने वाढली. त्यांनी खाल्ली.

"अर्धी घे अजून."

"नको गं, झालं."

तिने तीही वाढली. तीही संपली. पुढच्या वेळी त्यांनी ताटावर हात आडवा धरला, तेव्हा कुठे ती थांबली. मी भाताचं पातेलं हातात धरून बघत राहिले.

नंतर ओट्याशी ती म्हणाली, "अगं, तो सुनेकडे मागून खाणार आहे का? आमच्यात पहिल्यांदा नकोच म्हणायचं, भूक असली तरी. खरंच नको असेल तर हात आडवा येतो ना."

म्हणजे इतके महिने हा माणूस माझ्या घरात रीत सांभाळत अर्धपोटी उठत होता. मला त्यांचाही राग आला. तोंड उघडून सांगायला काय झालं होतं? पण सासूबाईंसारखा त्यांच्यावर मनापासून चिडायचा हक्कही मला नव्हता, मी सून होते.

बहीण गेल्यावर मी आग्रह सुरू केला. "बाबा, घ्या ना अर्धी." ते घ्यायचे. आता वजन भरेल म्हणून मी हुरळून गेले. एका दुपारी जेवणानंतर बाथरूममधला नळ बराच वेळ वाहत राहिला म्हणून मी दाराशी गेले. नळ सोडून ते आत ओकत होते. बाहेर आले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "वरण छान झालं होतं हो आज."

पोट आकसलंय, थोडं थोडं वाढवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. थोडं म्हणजे किती, ते त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखणारी बाई आता घरात नाही. मला ते ओळखता येत नाही. मी फार थकले आहे, आणि ते दर आठवड्याला थोडे कमी होत आहेत.

आज दुपारी मी अर्धी पोळी पुढे केली. त्यांनी ताटावर हात आडवा धरला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि हात बाजूला घेतला. "बरं, वाढ," म्हणाले. त्यांना भूक नव्हती, ते माझी समजूत काढत होते. हे कळत असूनही मी वाढली.