ओळ कापणारी सासू

माझी सासू शिंपीण. दिवसभर मशीनवर लोकांच्या पँटी आखूड करायची आणि तोंडाने इथल्या साहेबलोकांची अक्कल काढायची. मला तेव्हा वाटायचं, म्हातारी जरा जास्तच बोलते.

आमच्या इमारतीत सगळे आमच्यासारखेच, जीव मुठीत धरून पळून आलेले. वरच्या मजल्यावर एका पोरीला गोवर निघाला, तेव्हा आरोग्य खात्याने आमच्या भाषेत गुळगुळीत पत्रक वाटलं. मुलांना लस टोचून घ्या, सोमवारी या, लसींची जुनी नोंदवही सोबत आणा. नोंदवही म्हणे! घर जळालं, तिथे नोंदवही कुठून आणायची? माझा मुलगा अडीच वर्षांचा. ते पत्रक हातात घेऊन मी घरीच बसले. सगळ्याच बसल्या.

मग खात्याची एक टापटीप बाई पत्रकाचं मूल्यमापन करायला आली. समजलं का? हो. आवडलं का? हो. मदत झाली का? हो, हो. इथे येण्याआधी निर्वासितांच्या छावणीत ज्यांनी 'नाही' म्हटलं, त्यांच्या फायली तळाला गेल्या, हे आम्ही विसरलो नव्हतो. बाई खूश. "शंभर टक्के!" अगं शहाणे, नीट समजलं म्हणूनच तर कोणी गेलं नाही!

सासूबाईंचं डोकं फिरलं. नातवाला कडेवर घेतलं आणि मला ओढत दवाखान्यात नेलं. "वही नाही," नर्सला म्हणाल्या. "हाकलायचं तर हाकल."

"नसू दे. पुन्हा टोचू. वही लागते असं सांगितलं कोणी?"

सासूबाईंनी पत्रक तिच्या नाकासमोर धरलं.

घरी येऊन त्यांनी दारोदार पत्रकं मागितली आणि तेवढी ओळ कात्रीने कापून टाकली. पुढच्या सोमवारी दवाखान्याची रांग रस्त्यावर आली.

महिन्याने बाई परत आली, रांगेचं श्रेय पत्रकाला देत. सासूबाईंनी तिला कापलेलं पत्रक दाखवलं आणि तिच्या प्रश्नांच्या कागदावर 'मदत झाली का' पुढे 'नाही'वर खूण केली. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला.

"एकच 'नाही' आलंय," बाई गोड हसली. "एखाददुसरं उत्तर आम्ही हिशेबात धरत नाही, आजी."

परवा शेजारच्या इमारतीत नवी कुटुंबं आली, तान्ह्या पोरांसकट. त्यांनाही पत्रक मिळालं, ओळीसकट. सासूबाई कात्रीला धार लावून आल्यात.