रिकाम्या कॉलमधल्या हाका

इथले असले भुताखेतांचे अनुभव मी आजवर फक्त टाइमपास म्हणून वाचले. आमचं घर बौद्ध. आजोबांनी अंगारे-धुपारे सगळे घराबाहेर काढले, त्यानंतर आमच्याकडे कुणाच्या अंगात आलं नाही की कुणाला काही दिसलं नाही. त्यात माझं काम कॉम्प्युटरचं. तेव्हा ‘मॅडम, प्रोग्रॅम चुकला असेल’ अशी कॉमेंट लिहिणार असाल तर राहू द्या... ते मी स्वतःलाच इतक्यांदा सांगितलंय की आता ऐकूही येत नाही.

मी बदनापूरची. रोज रेल्वेनं जालन्याला जाते. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीचं ऑफिस आहे, तिथं शेतकऱ्यांसाठी टोल-फ्री फोन चालतो. पोरी फोन घेतात आणि समोरचा जे बोलला ते जसंच्या तसं टाइप करतात. शुद्ध करायचं नाही, असा नियमच आहे. कारण मिरचीची पानं आकसली की कुणी बोकड्या म्हणतं, कुणी चुरडा-मुरडा, आणि साहेबांना कुठला शब्द कुठं चालतो ते हवं असतं. आवाजच आला नाही तरी तसं लिहून नोंद करायची.

या सगळ्या कॉलमधून शब्द शोधायचा प्रोग्रॅम माझा. शब्द टाकला की तो ज्या कॉलमध्ये असेल ते कॉल समोर येतात, आणि प्रत्येकापुढे तो शब्द कितीदा आला तो आकडा. ज्याचा आकडा मोठा तो कॉल सगळ्यात वर. मात्र जो शब्द तुम्ही विचारला नाही, त्याबद्दल हा प्रोग्रॅम आपणहून काही सांगत नाही.

माझा धाकटा भाऊ मिलिंद याच कंपनीत फील्डवर होता. गेल्या थंडीत तो अंकुशनगरकडे गेला तो परत आलाच नाही. मोटरसायकल कालव्याच्या काठावर सापडली, नीट स्टँडवर लावलेली. कालव्याला पाणी सोडलेलं होतं. खूप शोधलं, पण तो मिळाला नाही.

त्याचा शेवटचा फोन आमच्याच टोल-फ्रीवर आला होता. बॅलन्स संपला की तो नेहमी तसंच करायचा, मग पोरी मला हाक मारायच्या. त्या दुपारी फोन सलमानं घेतला. नंतर माझा हात धरून रडत म्हणाली, “अल्ला कसम दीदी, मैं हॅलो हॅलो करती रही, उधर से कुछ आवाजच नहीं आया.” तिनं नियमाप्रमाणे लिहिलं होतं — ‘आवाज येत नाही. फोन कट.’ रेकॉर्डिंग पोलिसांनी ऐकलं, मीही ऐकलं. त्यात काही नाही. वारासुद्धा नाही.

लोकांना मात्र सगळं ठाऊक. पोरगं गप गप राहायचं, कुणात मिसळायचं नाही, म्हणजे उडीच मारली असणार! पाण्याच्या नळावर माय जाऊन उभी राहिली की बायका बोलायच्या थांबतात. माय म्हणजे आमची आई. ती एकच म्हणत राहिली, “माझा लेक असा न्हाई जायचा. घसरला आसंल पाय.”

मग हे झालं.

शेतकरी बोलता-बोलता ‘माय माय’ करतात, ‘माय माय, समदा प्लॉट गेला हो’. असले शब्द आकड्यांतून वगळायचे होते, म्हणून मी ‘माय’ टाकून पाहिलं. सगळ्यात वर आला तो मिलिंदचा रिकामा कॉल. खाली मजकूर तोच, ‘आवाज येत नाही. फोन कट.’ आणि पुढे — माय : ११.

मी चिडले. सगळा डेटा पुसून पुन्हा चढवला, पुन्हा शोधलं. माय : १०. कुणी टर उडवतंय का म्हणून सगळा कोड ओळीनं तपासला आणि परत शोधलं. ९.

कोडमध्ये चूक नव्हती. मी ‘माय पाणी’ असे दोन शब्द टाकले. माय : ८, पाणी : ४. मग ‘माय ताई’. माय : ७, ताई : १. एकदाच... एकदा तरी त्यानं मला हाक मारली होती. टेबलावर डोकं टेकून मी रडले. सलमानं विचारलं तर तिला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

खरा शब्द विचारायचा धीर होत नव्हता. ‘थंडी’ विचारलं, ‘घर’ विचारलं, अशी आडून-आडून विचारत राहिले. पण सोबत ‘माय’ नसेल तर तो कॉल यायचाच नाही. आणि दरवेळी मायची एक हाक कमी.

रविवारी घरी लॅपटॉप उघडून मायला सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसावा म्हणून तिच्यासमोर पुन्हा ‘माय’ टाकलं. स्क्रीनवर आलं — माय : १.

तिनं त्या आकड्यावर बोट टेकवलं. “ह्यो मलाच हाका मारून राह्यलाय?”

“हो.”

“आन तू इचारलं की येक कमी व्हती?”

“हो माय. पण आता एकदाच विचारू दे. ‘माय उडी’ टाकते. आकडा आला तर आला, न्हाई आला तर गावाचं तोंड तरी बंद होईल. तुला कळायला नको का, तो कसा गेला?”

मी ‘माय उडी’ टाइप केलंही होतं. एंटर तेवढं बाकी होतं. मायनं माझं मनगट धरलं. किती जोर होता त्या हातात!

“लोकायला बोलू दे,” ती म्हणाली. “येक तरी राहू दे गं माझ्यापाशी. ती बी खर्चू नको.”

मी लॅपटॉप बंद केला.

दोन इंजिनिअर मित्रांना प्रोग्रॅम दाखवला. कॉल कोणाचा ते सांगितलं नाही, आणि ‘माय’ हा शब्द टाकू दिला नाही. त्यांना कुठंच चूक सापडली नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, पण मला आता फारशी आशा उरलेली नाही. ऑफिसात सगळ्यांसाठी तो शब्द मी सर्चमधून बंद करून ठेवलाय.

संध्याकाळी बदनापूरला उतरून घरी गेले की माय दारातच विचारते, “हाय ना गं ती?” मी म्हणते, आहे. मी पाहिलेलं नाही. पाहायचं म्हणजे विचारायचं, आणि विचारलं की ती जाणार. त्यामुळे तो घसरला की त्यानं उडी मारली, हे आम्हाला कधीच कळणार नाही. आणि ती हाक अजून आहे की नाही, हेही.