सिरोंदीचा धनी

ग्यानीराम रहांगडालेइतकं गोड खोटं बोलणारा माणूस चिचगडच्या पंचक्रोशीत दुसरा झाला नाही. मी त्याचा चुलतभाऊ यादोराव, भिंतीला भिंत लागून आमची घरं, तेव्हा हे काही मी ऐकीव सांगत नाही. व्यवहारात तो सरळ माणूस. ओलं धान कोरडं म्हणून खपवणार नाही, बांधावरून कोणाशी कज्जा करणार नाही. त्याचं सगळं खोटं शब्दांपुरतं होतं. तेवढ्यात मात्र तो कोणाच्या बापाला हार जात नसे.

आमच्याकडे एक खेळ होता, त्याला आम्ही फेकाफेकी म्हणायचो. त्या वर्षांत लोडशेडिंग असं की दिवेलागणीला दिवेच नसायचे. टीव्ही बंद, पंखा बंद, डास तेवढे सुरू. मग ग्यानीरामच्या अंगणात खाटा टाकून आम्ही बसायचो. एकानं कुठला तरी जुनापुराणा, कोणाला ठाऊक नसलेला शब्द आणायचा आणि बाकीच्यांनी त्याचा अर्थ ठोकून द्यायचा. असा, की ऐकणाऱ्याला तोच खरा वाटावा. मी देवरीच्या तहसिलीत कारकून, जुन्या कागदांतले शब्द माझ्याकडे ढीगभर. एकदा मी 'दुमाला' नेला. त्याची बायको रामकली म्हणाली, दोन माळ्यांचं घर. ग्यानीराम ढिम्म. त्यानं विडी पेटवली, झुरका घेतला आणि तहसीलदाराच्या थाटात सांगितलं, "एका मांडवात दोन लग्नं राहिली अना गडबडीत एकाच नवरदेवाच्या गळ्यात दोन माळा पडल्या, त थो दुमाला. त्याले पंचायतीत दंड बसे." दुमाला म्हणजे इनाम दिलेली जमीन, हे मला पक्कं माहीत होतं. तरी क्षणभर मीच गडबडलो.

खेळाचे नियम त्याच्या मायनं, देवकाबाईनं, घालून दिलेले होते. शब्दाला धनी पाहिजे, म्हणजे खरा अर्थ जाणणारं कोणी तरी तिथं बसलेलं पाहिजे. आणि धन्यानं खरा अर्थ सांगितला, की बाकीच्यांनी आपापला खोटा अर्थ अंगणाबाहेर जाऊन थुंकून यायचा. खरोखरच थुंकायचं, नुसतं थू म्हणून भागत नसे. "खोटं तोंडात मुरू देऊ नोका, बाप्पा," म्हातारी म्हणायची. "मुरलं का थे खरं व्हाले लागते." आम्ही हसायचो आणि थुंकून यायचो. म्हातारीचं मन कशाला मोडा.

दोन हजार सहाच्या पोळ्यानंतर देवकाबाई गेली. शेवटी शेवटी तिची वाचा बंदच होती. गेली त्या सकाळी ऊन अंगणात उतरलं होतं, आम्ही सगळे खाटेभोवती होतो. तिनं डोळे उघडले. ग्यानीरामकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाली, "सिरोंदी."

मागे कोणी नव्हतं, भिंत होती.

तो शब्द ग्यानीरामच्या डोक्यातून जाईना. आमची जुनी माणसं बोलतात त्या पोवारी बोलीत असा शब्द नाही, झाडीबोलीत नाही. मी जुनी दप्तरं चाळली, त्यांतही नाही. शेवटी मी वैतागून म्हणालो, मरताना माणूस काहीबाही बोलतं, सोड आता. त्यानं सोडला नाही, पण विचारायचं बंद केलं.

दिवाळीनंतर त्याची लेक दुर्गेश्वरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि घर पुन्हा हसतंबोलतं झालं. एका संध्याकाळी लाइट गेली, खाटा पडल्या आणि तिनंच टूम काढली. "बाबा, आजीचा शब्द घेऊ न आज."

"त्याले धनी कोण?" मी म्हणालो.

"कोणीच नाई, काका. म्हणूनच त मजा आहे."

ग्यानीराम जरा घुटमळला. पण लेक पोटुशी, किती दिवसांनी हट्ट करत होती. "फेक, यादो," तो मला म्हणाला.

मी फेकलं: सिरोंदी म्हणजे बंद कोठीतलं धान खाणारी; उंदीर नाही, चोर नाही, तरी धान उतरतच जातं. रामकली म्हणाली, सिरोंदी म्हणजे नुकत्या सारवलेल्या अंगणात उमटलेलं पाऊल, घरातल्या कोणाचंच नसलेलं. दुर्गेश्वरीनं डोळे मोठे करून सांगितलं, न बोलावता पंगतीत येऊन बसते आणि वाढल्याशिवाय उठत नाही, ती सिरोंदी. मग ग्यानीरामची पाळी. त्यानं नेहमीसारखी विडी पेटवली.

"देवरीची बस थांबली का खिडकीतून रुमाल टाकते अना दुसऱ्याच्या जागेवर बसून जाते, थे सिरोंदी!"

आम्ही पोट धरधरून हसलो. हसणं ओसरल्यावर मात्र कोणाला काही सुचेना. धनी नाही, खरा अर्थ सांगणारं कोणी नाही, मग थुंकायचं केव्हा? तेवढ्यात लाइट आली, दुर्गेश्वरी टीव्ही लावायला उठली आणि खेळ उघडाच राहिला. मला ते तेव्हाच खटकलं होतं. पण मी काही बोललो नाही, कारण आपण शिकलेले.

पहिल्यांदा माझा अर्थ उगवला. भरडायला धान काढायचं म्हणून रामकलीनं ढोली उघडली. ढोली म्हणजे शेणामातीनं लिंपलेली बांबूची कोठी; तोंड तिनं स्वतः लिंपून बंद केलं होतं आणि ते लिंपण जसंच्या तसं होतं. आत धान हातभर खाली गेलेलं. बीळ नाही, भोक नाही, खाली सांडलेला एक दाणा नाही. "ओलं भरलं असन, वाळून बसलं," मी म्हणालो. ग्यानीरामनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच मान खाली घातली. ओलं धान भरणाऱ्यातला तो नव्हता.

मग रामकलीचा. तिनं सकाळी अंगण सारवलं, फाटक लावलं, हात धुवायला वळली. परत पाहते तर ओल्या सारवणाच्या ऐन मधोमध एक पाऊल. नुकतं चालायला लागलेल्या लेकराचं असावं एवढं. येतानाचं नाही, जातानाचं नाही, एकच. तिनं कोणाला हाक न मारता त्यावरून पोतेरं फिरवलं आणि मग माझ्या बायकोजवळ येऊन बसून राहिली. आमच्या आळीत तेवढं लेकरू त्या वेळी कोणाच्याच घरी नव्हतं.

त्यानंतर दुर्गेश्वरी जेवायला बसताना रोज एक ताट जास्त मांडू लागली. आई रागावली की उचलायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडायची. "हात आपसूक जाते व माय," म्हणायची. एका दुपारी मी तिथंच जेवायला होतो. वरण वाढता वाढता ती त्या रिकाम्या पाटाशी वाकली आणि सहज विचारलं, "अजून पाहिजे?" विचारून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. वरणाचं भांडं हातातून निसटलं. त्या दिवशी कोणी धड जेवलं नाही.

आता एकच अर्थ उरला होता, ग्यानीरामचा. त्या घरात कोणाची तरी येण्याआधीच धरून ठेवलेली अशी एकच जागा होती, ती दुर्गेश्वरीच्या पोटात. हे आम्हाला सगळ्यांना समजलं होतं आणि कोणी तोंडानं म्हणत नव्हतं. बाळाची हालचाल मंदावली होती. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले ठोके आहेत, घाबरू नका. पण पोरगी रडत म्हणायची, "माय, आत माहं लेकरू नाई वाटत. दुसरंच कोणी चूप बसून आहे." ग्यानीराम वाळत चालला. वावरात जाईना, विडी ओढीना. एक दिवस माझा हात धरून म्हणाला, "रुमाल पडला गा, यादो. माह्याच तोंडानं पडला." मला त्याची दया आली आणि भीतीही वाटली.

शब्दाचा धनी सापडल्याशिवाय आता सुटका नव्हती. ग्यानीरामच्या मायचं माहेर दरेकशाच्या अलीकडे, कचारगडच्या वाटेवर. तिथं त्याची म्हातारी मामी अजून होती. मी सोबत गेलो. माघी पुनवेची जत्रा होती. गाड्या भरभरून लोक चालले होते, पिवळे झेंडे, ढोल, गोंडी गाणी. त्या सगळ्या गर्दीतून ग्यानीराम खाली मान घालून चालत होता. मामी उन्हात बसून चिंचा फोडत होती. दिसत तिला फारसं नव्हतं, आवाजावरून ओळखलं. चहापाणी झालं आणि त्यानं विचारलं, "मामी, सिरोंदी म्हणजे काय व?"

मामीचा हात थांबला.

"कोणं सांगतलन तुले थे नाव?"

"नाव?"

"नाव नाई त काय? तुह्या मायची पयली पोरगी. याच घरात झाली. सुईण गोंडाची होती, तिनं ठेवलं नाव. चालाले लागली होती बिचारी, देवीची साथ आली अना गेली." मामीनं पदरानं तोंड पुसलं. "मंग तू झाला. तिच्याच पाळण्यात निजला, तिचाच झगा घातला. तुह्या आजीनं सांगतलं, मेलीचं नाव काढू नोका, नाई त हा टिकत नाई. तुह्या मायनं जनमभर नाई काढलं. मनात तरी किती ठेवलं असन."

येताना बसमध्ये जागा होती. मी बसलो, तो दांडा धरून उभाच राहिला. देवरीला उतरल्यावर म्हणाला, "दुसऱ्याच्या जागेवर मीच बसलो गा."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि लाइट गेली होती. त्यानं सगळ्यांना अंगणात बसवलं, स्वतः मायच्या खाटेवर बसला. "खेळ बंद कराचा आहे," म्हणाला. "सिरोंदी म्हणजे माही मोठी बहीण." बाकी सगळं मी सांगितलं. दुर्गेश्वरी आईला बिलगून हुंदके देत होती. मग आम्ही तिघं फाटकाबाहेर गेलो आणि थुंकलो. माझ्या तोंडाला कोरड पडली होती. रामकली आधी हात जोडून "माफ कर बाई" म्हणाली आणि मग थुंकली.

ग्यानीराम जागचा हलला नाही.

"तू बी थुंक," मी ओरडलो.

"काय थुंकू? माहा अर्थ खोटा कुठी आहे?" तो म्हणाला. मग आमच्याकडे न पाहता, अंगणाच्या काळोखाकडे तोंड करून, बसमधल्या कोणा बाईशी बोलावं इतक्या साध्या आवाजात म्हणाला, "बाई, तुह्या जागेवर मीच बसलो होतो. मले ठाऊक नोतं. हे घे, मी उठतो. या लेकराच्या जागेले नोको हात लावू."

आणि तो खाटेवरून उठून बाजूला झाला. रिकाम्या खाटेचं सुंभ करकरलं, कोणी टेकल्यावर करकरतं तसं. आम्ही चौघांनीही ते ऐकलं. त्यावर आम्ही आजतागायत एकमेकांशी बोललेलो नाही.

दुर्गेश्वरी सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली, खणखणीत रडणारी. नाव योगेश्वरी. बारशाला गाव जेवलं, मीही पोटभर जेवलो आणि संपलं एकदाचं म्हणालो.

संपलं नव्हतं. रामकली ताटं मांडायची आणि नवऱ्याचंच ताट विसरायची. लक्षात आलं की कपाळावर हात मारून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी तेच. लग्नाच्या पंगतीत बुंदीवाला माझ्या पानात वाढून त्याला ओलांडून पुढच्याकडे जायचा. बसचा कंडक्टर त्याला तिकीट विचारत नसे. मी स्वतः रोज त्याच्या दारावरून जाताना हाक मारणारा माणूस. मीही तसाच पुढे निघून जायचो आणि घरी येऊन चमकायचो. ग्यानीराम जिवंत होता, वावरात जात होता, पण त्याच्यापुरती जागा लोकांच्या मनातून उठली होती. मी चिडून म्हणालो, "बोल न काही, आरडाओरड कर." तो म्हणाला, "जागा देली गा, मंग बोंबलाचं काऊन?" ओसरीत निजायचा, सगळ्यांच्या मागून जेवायचा. शब्दांचे अर्थ करणं त्यानं सोडून दिलं. मला त्याचंच जास्त वाईट वाटायचं. असा माणूस मुका झालेला बघवत नाही.

इकडे योगेश्वरी चालायला लागली, पळायला लागली, पण बोलेना. डॉक्टर झाले, देवऋषी झाले. "ऐकू सगळं येते, मनात असन तवा बोलन," एवढंच सगळे सांगायचे. दुर्गेश्वरी थंडीत तिला घेऊन माहेरी आली होती. सकाळची वेळ. ग्यानीराम भिंतीला टेकून उन्हात बसला होता आणि मी समोर दात घासत उभा होतो. पोरगी घरातून निघाली, आईकडे गेली नाही, आजीकडे गेली नाही. नीट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. बराच वेळ त्याचं तोंड न्याहाळलं. मग मोठ्या बायका ठेवतात तसा त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा बोलली.

"भाऊ."

त्या घरात त्याला भाऊ कोणीच म्हणत नाही. लेक बाबा म्हणते, रामकली अजी म्हणते, मी ग्यानी म्हणतो. रामकली हातातलं काम टाकून धावत आली, पोरीला बोलती पाहून हसू आणि रडू तिला एकदमच फुटलं. "भाऊ नोको म्हणू व, बाई," ती म्हणाली. "आजा आहे थो तुहा."

ग्यानीरामच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. त्यानं डोक्यावरचा तो हात तसाच राहू दिला.

"म्हणू दे तिले," तो म्हणाला. "माह्यापेक्षा मोठी आहे थे."